नववा दिवा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बेळगावात एका हायस्कूलमध्ये जन्मभर फिजिक्स शिकवलं. कुणाच्या अंगात आलंय म्हणून बोलावणं आलं की मी आधी थर्मामीटर शोधायचो. इथले भुताखेताचे अनुभव वाचतो मी, नाही असं नाही... पण पांढरी साडी आली की पुढचं पान.

तरीही लिहितोय. परवा पुतण्यानं विचारलं, "काका, बाईकचा ग्रुप जॉइन करू का एकटाच फिरू? तुम्ही पण जुने रायडर ना?" मी "बघ तुझं तू" म्हणून उठून गेलो. बायको म्हणाली, साधं विचारलं पोरानं, एवढं तोंड कशाला पाडायचं? तिलाही हे ठाऊक नाही. इतकी वर्षं संसार केला, पण सांगितलं नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून.

साल अठ्ठ्याहत्तर, डिसेंबर महिना. मी सत्तावीस वर्षांचा, बेळगावच्या शहापुरात राहायचो. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. त्यातून माझी सेकंडहँड राजदूत बाहेर काढायची म्हणजे आधी शेजारच्या आक्कांनी वाळत घातलेलं सूत बाजूला करायचं आणि त्यांची बोलणी खायची. राजदूतला लोक दूधवाल्याची गाडी म्हणायचे. म्हणू देत. पगारात तेवढीच बसत होती.

तशीच दुसरी राजदूत बाळूची. बाळू कांबळे, निपाणीचा. कॉलेजात तीन वर्षं माझ्या बाकावर. वडील लहानपणीच गेलेले, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. घर बौद्ध. आमच्याकडं आडनाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही, आपोआप कळतं — आणि ह्या गोष्टीत नेमकं तेच आहे म्हणून स्पष्ट लिहितो. त्यांच्या गल्लीतला पहिला बी.एस्सी. तोच. निपाणीच्या एका हायस्कूलात गणित शिकवायचा, आणि माझ्यापेक्षा दसपट चांगला शिकवायचा.

दर रविवारी मी बेळगावहून निघायचो, तो निपाणीहून. संकेश्वरच्या स्टँडसमोर एक चिंच होती, तिच्याखाली गाठ पडायची. भजी, चहा, आणि मग तिथून जिकडं मन होईल तिकडं... गडहिंग्लज, आजरा, कधी आंबोली. नियम एकच. वळणावर पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. पुढचा दिसला की मागच्यानं डिपर दोनदा मारायचा — आलोय, चल. हा नियम बाळूनं घातलेला. "म्होरल्यानं मागं बघायचंच न्हाय तर दोघांनी जायाचं कशाला रं?" असं म्हणायचा.

तर त्या वर्षी बेळगावात मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप झाला होता. खडेबाजारातून दर रविवारी सकाळी सात गाड्या रांगेनं निघायच्या. बुलेट, येझदी, एक जुनी जावा. वकील, डॉक्टर, कॉलेजातले प्रोफेसर अशी मंडळी. त्यांच्या अंगावर कातडी जॅकेटं, माझ्या अंगावर वडिलांचा स्वेटर. रांग गेली की रस्त्यावरची माणसं बघत राहायची, त्यात मीही असायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा लई हेवा वाटायचा.

एक दिवस त्यांचे म्होरके — आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणायचो — भर बाजारात माझ्याजवळ थांबले. "मास्तर, दर रविवारी एकटेच कुठं निघता? आमच्यात या की." बस्स. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

त्या रविवारी चिंचेखाली बाळूला सांगितलं. त्यानं भजं हातातच ठेवलं.

"जाऊया की दोघं. माझं बी नाव घाल."

"विचारतो," म्हणालो.

विचारलं नाही. कारण सांगतो. ग्रुपची पद्धत अशी की दुपारचं जेवण कुणातरी मेंबरच्या किंवा त्याच्या पाहुण्यांच्या घरी, पंगतीला. हॉटेल नाही. आणि पंगतीत नवीन माणसाला पहिला प्रश्न काय येतो हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं — आडनाव काय? आता, ग्रुपमधलं कुणी मला 'असल्याला आणू नका' म्हटलं होतं का? नाही. एका शब्दानं नाही. त्यांच्या वतीनं मीच 'नाही' म्हणून मोकळा झालो. वर बाळूला सांगितलं, "अरे, आठच गाड्या घेत्यात ते. जागा एकच हाय."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मग तू जा की. लई दिसांचं मनात हाय तुझ्या."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "छे, मी पण न्हाय जात." हे दुसरं खोटं.

ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी एक राईड करून बघायचे. नवीन माणसानं शेवटाला राहायचं, आणि दिवसा-उजेडीसुद्धा हेडलाईट लावून ठेवायचा. पुढं वकीलसाहेब आरशात दिवे मोजायचे. सगळ्यांचेच दिवे चालू, शेवटचा दिसला की रांग पुरी. आणखी एक नियम त्यांनी मला नीट समजावला. वाटेत कुणी अनोळखी रांगेच्या मागं लागला तर तो कुठं ब्रेक मारेल, कुठं घुसेल सांगता येत नाही. तेव्हा थांबायचं, शेवटच्या माणसाला विचारायचं — ओळखीचा आहे का? 'हो' म्हटलं तर त्याला रांगेत घ्यायचं, त्या दिवसापुरता तो आपला. 'नाही' म्हटलं तर सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि त्याला पुढं घालवायचा. नियम चांगला आहे. आजही कुणी पाळला तर बरं होईल.

माझी पंचाईत अशी झाली की दहा-बारा दिवस आधी माझ्या हेडलाईटची काच फुटली होती, गल्लीत हातगाडी आडवी आली. बेळगावात मिळेना. मग मी काय केलं असेल? त्याच्या आदल्या रविवारी संकेश्वरला बाळूकडं मागितली. म्हणालो, पुढच्या रविवारी यायला जमणार नाही, शाळेत इन्स्पेक्शनची तयारी आहे, आणि रोज शिकवणीहून येताना अंधार पडतोय.

त्यानं तिथंच स्क्रू ड्रायव्हर काढला. काच, बल्ब, रिंग, सगळं उतरवून माझ्या गाडीला बसवलं. त्याच्या काचेला वरून खालपर्यंत एक तिरकी चीर होती, तिच्यावर त्यानं पिवळ्या जिलेटिन कागदाची पट्टी चिकटवली होती. त्यामुळं त्याचा दिवा लांबूनही ओळखू यायचा.

"तुझं काय मग?" मी विचारलं. विचारायची रीत म्हणून.

"मला कशाला पायजे? तू न्हाईस तर मी रविवारी कुठं जातोय?" आणि तो आपला, दिव्याच्या जागी भोक पडलेली गाडी घेऊन निपाणीला गेला.

तर तो रविवार. साडेसहाला खडेबाजारातून निघालो. सात पुढं, आठवा मी. जायचं निपाणीला, तिथं एका मेंबरची सासुरवाडी, मोठे तंबाखूवाले, जेवण त्यांच्याकडं. हो, निपाणीलाच. बाळूच्या गावाला. मला ते दोन दिवस आधी कळलं, आणि तरी गेलो. मनाला सांगितलं, गाव मोठं आहे, तो कशाला दिसतोय.

काकती, हत्तरगी... थंडी मजबूत, हात बधिर. पण काय सांगू, त्या रांगेत चालताना जे वाटत होतं ते वाटत होतं. रस्त्याकडेची माणसं हात करत होती. दूधवाल्याची गाडी कुणाला दिसत नव्हती.

संकेश्वर आलं. स्टँडसमोरची चिंच आली. मी मान दुसरीकडं वळवली. झाडापासून मान वळवली, काय म्हणावं ह्याला.

पुन्हा समोर बघितलं तर आरशात दिवा होता.

आधी वाटलं ट्रक असेल. पण एकच दिवा. माझ्यापासून तीसेक फुटांवर, मी हळू झालो की हळू, मी वेगात की वेगात. आणि दिव्यावर तिरकी पिवळी पट्टी.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर राग आला. वाटलं, ह्याला कुणीतरी सांगितलं, आणि हा पाठलाग करतोय मला तोंडघशी पाडायला. मग आठवलं — ती काच तर माझ्या गाडीवर आहे. मी पुढं वाकून बघितलं. होती. पट्टीसकट. तिचा पिवळा उजेड समोरच्या येझदीच्या नंबर प्लेटवर पडत होता.

फिजिक्सचा मास्तर, म्हणून लगेच सुरू झालं डोक्यात. माझाच दिवा कुठूनतरी परावर्तित होतोय का? पुढं टाकलेला उजेड मागच्या आरशात येणार कसा? आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हे मी पोरांना फळ्यावर शिकवतो, म्हणून मान वळवून उघड्या डोळ्यांनी बघितलं. दिवा होता. पट्टी होती. दिव्याच्या मागं माणसाचा आकार होता, पण चेहरा धुक्यात.

निपाणीच्या अलीकडं, तवंदी घाटाच्या माथ्यावर धुकं इतकं की पुढचा दिवा सोडून काही दिसेना. तिथं वकीलसाहेबांनी हात वर केला. सगळे थांबले, इंजिनं बंद केली. ते चालत मागं आले.

"मास्तर, दिवे नऊ झालेत. संकेश्वरपासून बघतोय मी."

डॉक्टर म्हणाले, "मीही मोजले. नऊच."

म्हणजे एकट्या माझ्या डोक्यातलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. सगळ्यांनी मागं बघितलं. शंभरेक पावलांवर, रस्त्याच्या कडेला तो दिवा उभा होता. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. आम्ही थांबलो म्हणून तोही थांबला होता. वळणावर थांबावं तसा.

मग तो मिटला आणि लागला. पुन्हा मिटला आणि लागला. दोनदा.

"काहीतरी खूण करतोय," वकीलसाहेब म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. "ओळखीचा आहे का?"

सात जणांची तोंडं माझ्याकडं. मला वाटलं असेल तरी काय तेव्हा? भूत आहे, चकवा आहे, असलं काहीही मनात आलं नाही, शपथेवर सांगतो. मनात आली ती पंगत. पाटावर बसलेला बाळू, आणि तंबाखूवाल्या यजमानांचा प्रश्न. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघणं, आत्ता बघतायत तसं.

"नाही," मी म्हणालो. "ओळखत नाही."

आवाज एवढा मोठा निघाला की माझा मलाच ऐकू आला.

"मग जाऊ दे त्याला पुढं," वकीलसाहेब म्हणाले. आम्ही आठ गाड्या बाजूला घेतल्या, रस्ता मोकळा केला. वाट बघितली. दिवा जरा वेळ तसाच होता. मग गेला. वळला नाही, लांब गेला नाही, वात खाली करावी तसा बारीक होत गेला आणि संपला. कोणी पुढं आलं नाही.

प्रोफेसर बुलेट घेऊन मागं बघून आले. तिथं ना फाटा, ना पायवाट. गवताचा भारा घेऊन एक म्हातारा येत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आठ गाड्या गेल्या की तुमच्या. मागनं कोण न्हाय आलं." मंडळी थोडी हसली. घाट उतरलो.

जेवण काय होतं मला आठवत नाही. पंगतीत यजमानांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "वा वा," म्हणाले, आणि भात वाढला.

जेवण झाल्यावर मंडळी पानं खात बसली, तेव्हा 'आलोच' म्हणून निघालो. बाळूचं घर मला माहीत होतं, चार वेळा तिथं भाकरी खाल्ली होती. का गेलो? खात्री करायला. तो घरीच असेल, तर मग घाटात दिसलं ते काहीतरी धुक्याचं, आणि माझं बोलणं कुणालाच लागलं नाही, असा हिशेब.

दारात राजदूत उभी होती, दिव्याच्या जागी भोक. टायर कोरडे, खाली रांगोळी, ती मोडलेलीसुद्धा नाही. आत मावशी, म्हणजे त्याची आई, तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाबा आलास. तूच बघ जरा त्याला."

"का मावशी, काय झालं?"

"कुणाला ठावं. सकाळी उठून त्या गाडीवर जाऊन बसला. दिवा न्हाय, चालू न्हाय, नुस्ता बसला. डोळं मिटल्यालं. हाक मारली तर वळून बघंना. म्या म्हणलं ताप आलाय का काय, तर अंग गार. लई येळ बसलता. मग त्या बटनावर अंगठा ठिवून दोनदा दाबलं. आन् घटकाभरानं उतरला की खाली."

"किती वाजता, मावशी?"

"माझ्याकडं कुठलं घड्याळ? कवळी उन्हं उंबऱ्यापातूर आलती. नऊचा सुमार धर." तिनं सूप खाली ठेवलं. "उतरल्यावर मला म्हणला, 'आये, त्यो म्हणला ओळखत न्हाय.' म्या इचारलं, कोण रं म्हणला? तर बोलंना. तुला म्हाईत हाय का, कोण म्हणला त्ये?"

मी तिच्या तोंडाकडं बघूच शकलो नाही. खाली रांगोळीकडं बघत म्हणालो, "नाही मावशी." आणि हे आणखी एक खोटं.

तेवढ्यात बाळू मागच्या दारानं आला. हात ओले, कपडे धूत होता. माझ्याकडं बघितलं, मग बाहेर उभ्या माझ्या गाडीकडं, तिच्यावरच्या आपल्या दिव्याकडं. इन्स्पेक्शनचं काय झालं, निपाणीत कसा, काही विचारलं नाही.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरं." मग हात पुसत, "दिवा चालला न्हवं नीट?"

मी म्हणालो, काढून देतो, तुझा तुला. स्क्रू ड्रायव्हर दे.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू शेवटाला असतोस. तुला लागंल."

मी त्याला आजच्या राईडचं काही सांगितलं नव्हतं. मी शेवटाला होतो हेही नाही. तिथंच त्याच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. मी 'येतो' म्हणालो आणि निघालो. मंडळी वाट बघत असतील, हे कारण.

ग्रुपनं मला घेतलं. दोन वर्षं त्यांच्याबरोबर फिरलो. लाज वाटली म्हणून सोडला, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही झालं. गेलो, जेवलो, हसलो. संकेश्वरच्या चिंचेखाली मात्र पुन्हा बसलो नाही. बाळूची पत्रं आधी यायची, मग कमी झाली, मग मीच उत्तर दिलं नाही. एकदा वकीलसाहेबांशी त्या नवव्या दिव्याचा विषय निघाला. ते सहज म्हणाले, "तुमचा कुणी असता तर घेतला असता की मास्तर. आठाचे नऊ, काय बिघडत होतं?" खरं म्हणाले का तोंडदेखलं, मला माहीत नाही. मी विचारून कुठं बघितलं होतं?

स्पष्टीकरण नाही माझ्याकडं. खूप शोधलं. धुक्यात उजेड वळतो, मान्य. सात-आठ माणसांना एकदम भास होतो, तेही मान्य करू. पण पाच-सात किलोमीटरवर दारात बसलेल्या माणसाला माझे शब्द कसे कळले? मी माथ्यावर 'ओळखत नाही' म्हणालो आणि इकडं तो खाली उतरला. कुणाकडं उत्तर असेल तर खाली लिहा, मी वाचीन. मला मात्र ह्या वयात उत्तर सापडलं तरी फरक पडणार नाही.

एक राहिलं. शहाऐंशी साली निपाणीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, मला परीक्षक म्हणून जायचं होतं. गडबडीत नेमणुकीचं पत्र घरी विसरलो. दारातल्या टेबलावर नवीन बाई होत्या, नियमाला पक्क्या. मला आत सोडीनात. शेवटी त्यांनी मागं वळून हॉलमध्ये विचारलं, "ह्या सरांना कुणी ओळखतं का?"

आत एक माणूस पाठमोरा उभा राहून भिंतीवर तक्ते लावत होता, तोंडात टाचण्या. त्यानं दाराकडं एकदा बघितलं. कानाजवळचे केस पिकायला लागले होते. मी म्हटलं, आता हा 'नाही' म्हणणार, आणि म्हणू दे, माझी तयारी आहे.

बाळूनं तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

"व्हय, ओळखतो की," म्हणाला. "माझा माणूस हाय. सोडा आत."